अठ्ठेचाळीस पुड्या आणि कडूबांची घोंगडी

आमच्या संस्थेत नावापुढे डॉक्टर लावणारी एकोणीस माणसं आहेत. त्यांतली मीही एक. पण उणे ऐंशी अंशांचा फ्रीज आजारी पडणार आहे, हे त्याच्या नुसत्या घरघरीवरून दोन दिवस आधी सांगणारा माणूस एकच, आणि त्यांच्या नावापुढे काहीच नाही. कडूबा. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, वय सत्तावन्न पूर्ण, नोकरी एकतीस वर्षं. विद्यार्थी त्यांना मामा म्हणतात. मी कडूबा म्हणते आणि अहोजाहो करते. रागावले की मात्र माझं तोंड कोणालाच अहोजाहो करत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे ते यायचंच आहे.

कडूबांचं घर मेंढक्यांचं. जन्म कुठला विचारलं तर म्हणतात, "चालता चालता." कागदावर फुलंब्री तालुक्यातलं एक गाव आहे, पण त्या गावात त्यांचं बिऱ्हाड वर्षातून फार तर चार महिने टेकायचं. बाकीचे आठ महिने मेंढरांच्या मागे, या शेतातून त्या शेतात. आईवडील लवकर गेले. आत्या भागूबाईने वाढवलं आणि सातवीपर्यंत शाळेतही घातलं. माझ्या लहानपणी आमच्या शेतातही अशा मेंढ्या बसायच्या. रानाला खत मिळायचं, आजोबा त्यांना धान्य द्यायचे, आणि त्यांच्या पोरांशी खेळायला आम्हाला बंदी असायची. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आता आठवलं की लाज वाटते.

पडेगावच्या पुढे आमची संस्था उभी राहिली तेव्हा कडूबा काचसामान धुवायला लागले. पहिल्याच महिन्यात तेव्हाच्या प्रमुखांनी त्यांना झापलं. झालं असं होतं, की सगळ्यांचे मिळून चाळीस चंबू धुऊन कडूबांनी ते ज्याचे त्याला परत नेऊन दिले होते. प्रमुखांना वाटलं, या माणसाने चाळीस चिठ्ठ्या चिकटवून सकाळ वाया घालवली. चिठ्ठी एकही नव्हती. कडूबा म्हणाले, "साहेब, ह्याच्या गळ्याशी चरा हाय. ह्याचं बूड जरासं तिरकं हाय. दीडशे मेंढरं तोंडावरून वळखायची, तिथं चाळीस चंबूंचं काय?" प्रमुखांना स्वतःचे चार चंबूही ओळखता आले नसते.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे मोठं मशीन आलं. ते काय करतं हे सांगायचं तर आधी प्रथिनांचं सांगावं लागेल, आणि इतकी वर्षं शिकवूनही ते सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. रेशमाचा किडा घ्या. आधी खसखशीएवढं अंडं, मग तुतीचा पाला फस्त करणारी अळी, मग कोशातला मुका गोळा, मग पंखांचा पतंग. चौघांना शेजारी ठेवलं तर एका घरातले म्हणून कोणी ओळखणार नाही. पण चौघांच्या पेशीपेशीत लिहिलेला मजकूर तोच. त्या मजकुरातून कोणत्या मुक्कामी कोणती प्रथिनं घडवायची, तेवढं बदलतं. पाला पचवणारी, सूत होणारी, डिंकासारखी चिकटणारी, पंख होणारी, उन्हाशी झुंजणारी. एखादा जीव जी जी प्रथिनं घडवू शकतो त्या सगळ्यांचा मिळून जो संच, त्याला आम्ही प्रोटिओम म्हणतो. करंगळीएवढ्या त्या किड्याचा संच पंधरा हजारांच्या घरात जातो. आणि आमचं मशीन प्रथिनांचे बारीक तुकडे हवेत उडवून त्यांचं वजन करतं, आणि वजनांवरून सांगतं की हा तुकडा कोणत्या प्रथिनाचा, आणि ते प्रथिन कोणत्या जिवाचं.

हे सगळं मी एकदा नव्या विद्यार्थ्यांना सांगत होते. सातआठ जण माना डोलावत होते, म्हणजे कोणालाच कळलेलं नव्हतं. कडूबा मागे नळ्या मांडत होते. माझं संपल्यावर ते म्हणाले, "मॅडम, एक इचारू का? आमचं बिऱ्हाड घोड्यावर आसायचं. पाल, तवा, खाट, कोंबड्यांचं खुराडं, समदं एकाच घोड्यावर. पर मुक्कामाला समदं कुनी उतरवीत नसतंय. पाऊस आसंल तर पाल काढून ठोकायचं, लेकरू आजारी आसंल तर खाट. घोडं तेच, ओझं तेच. मुक्काम बदलला की उतरवायचं बदलतं. तसंच हाय ना हे?"

मी खडू खाली ठेवला. तसंच होतं. एकवीस वर्षं मी हा विषय शिकवते आहे आणि याहून बरं मला सुचलेलं नाही. तेव्हापासून मी वर्गात घोडंच सांगते, आणि ते कोणाचं आहे तेही सांगते.

त्या दिवशी कडूबांनी आणखी चार नळ्या मांडल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी मेंढीच्या काळजाला बी लोकर कशी करायची ते ठाऊक हाय?"

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

"पर ते करत नाय."

"नाही करत."

"लई शहाणं," ते म्हणाले, आणि आयुष्यभर मेंढरांत काढलेल्या माणसाने मेंढरू पहिल्यांदाच पाहावं तसा त्यांचा चेहरा झाला. हा माणूस मशीनची धूळ पुसायचा, तेव्हा चपला बाहेर काढून आत यायचा. दसऱ्याला त्यांनी मशीनला हळदकुंकू लावायची परवानगी मागितली. मी आरडाओरडा केला, मग त्यांनी टेबलाच्या पायाला लावलं. ते हळदकुंकवाचं बोट अजून तिथे आहे, आणि मी ते पुसू दिलेलं नाही.

आता तनुजाचं सांगते. ती माझी विद्यार्थिनी, पैठणकडची. घरी एकरभर तुती आणि किड्यांची शेड. पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसला गेला, आसपासच्या शेडमधले किडे माना टाकत होते, आणि तिच्या वडिलांच्या शेडमधला एक वाण मात्र तग धरून कोश करत होता. या किड्यांच्या अंगात उन्हाशी झुंजणारं काय घडतं, ते तिला शोधायचं होतं. सलग तीन उन्हाळे तिने त्या किड्यांच्या रेशीमग्रंथी काढल्या, एकेक ग्रंथी चांदीच्या कागदात गुंडाळली, वर नंबर टाकला आणि उणे ऐंशीत ठेवली. अठ्ठेचाळीस पुड्या झाल्या. चौथ्या वर्षी शेडमध्ये रोग आला आणि तो वाण मुळासकट गेला. म्हणजे जगात त्या किड्यांचं जे काही उरलं होतं ते आमच्या फ्रीजमधल्या एका स्टीलच्या डब्यात होतं. तिची प्रबंधाची मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा वाढत नाही. ऑगस्ट संपायच्या आत निकाल हवे होते, नाहीतर पाच वर्षांवर पाणी.

यंदाच्या मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे, आधी कसलीही घरघर न करता, तो फ्रीज बंद पडला.

रविवारी संस्थेत कोणी नसतं. कडूबा असतात. त्यांना कोणी सांगितलेलं नाही, वेगळा भत्ताही नाही. मुकुंदवाडीहून गाडी काढून ते येतात, सगळ्या फ्रीजांवरून एक चक्कर मारतात आणि जातात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मेंढरं रविवारी मोजायची नसत्यात का?" त्या रविवारी दुपारी त्यांनी फ्रीज उघडला तर आत पाणी सुटायला लागलेलं. दुसरा फ्रीज चालू होता पण कुलूपबंद, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. मी नाशिकला लग्नात, फोन बॅगेत. मी तो पाच तासांनी पाहिला. त्यावर कडूबांचे अकरा कॉल होते.

तोवर त्यांनी काम उरकलं होतं. कारखान्यातून बर्फाची लादी आणून फोडली, त्यात खडामीठ घातलं, कुल्फीवाले घालतात तसं, आणि पुड्या त्यात सुरक्षित गाडून ठेवल्या. सोमवारी सकाळी मी आले तेव्हा अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पुड्या दगडासारख्या कडक होत्या. मी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. तनुजाने पेढे आणले. पुड्या मिठाच्या पाण्यात भिजल्या कशा नाहीत, एवढं विचारायचं मात्र आम्हा एकोणीस डॉक्टरांपैकी एकालाही सुचलं नाही.

जुलैत पुड्या उघडल्या, ग्रंथी कुटल्या, प्रथिनं काढली, त्यांचे तुकडे करून मशीनला लावले. पहिल्या दहा नमुन्यांचे निकाल आले आणि तनुजा कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा पांढराफटक. रेशीमकिड्याच्या यादीशी ताडून पाहिलं तर जेमतेम काही जुळत होतं. ढीगभर तुकडे भलत्याच कोणाचे तरी होते. मी म्हटलं, सगळ्या प्राण्यांच्या याद्यांशी ताडून बघ. तिने बघितलं. उत्तर आलं, मेंढी.

कोळशाच्या वखारीत पांढरा कपडा राहत नाही तसं आमच्या कामात माणसाच्या कातडीचं, केसांचं प्रथिन कुठून तरी येतंच, ते आम्ही गृहीत धरतो. पण मेंढीची लोकर? जुलै महिन्यात, या शहरात? मी तनुजाला उभं आडवं झाडलं. स्वेटर घालून बसली होतीस का? शाल पांघरून कुटलंस का ग्रंथी? पाच वर्षं काय शिकलीस माझ्याकडे? ती नाही नाही म्हणत रडायला लागली. माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार, कारण कडूबा धुतलेल्या नळ्यांचा ट्रे हातात घेऊन दारात येऊन उभे होते.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "तुमी मेंढी म्हनलात का?"

"हो, मेंढी! किड्याच्या पोटात मेंढी निघाली आहे!"

"मशीनला मेंढी दिसली?"

"दिसली म्हणजे काय, दुसरं काही दिसतच नाही."

त्यांनी ट्रे अलगद खाली ठेवला. "ती माझी हाय," ते म्हणाले. "गुन्हा माझा हाय. ताईला बोलू नका."

मग त्यांनी सांगितलं. बर्फ-मिठाचं पाणी पुड्यांना लागू नये म्हणून त्यांना काहीतरी गुंडाळायला हवं होतं. गोणपाट पाणी धरतं. प्लास्टिकमध्ये गार लवकर पोचत नाही असं त्यांना वाटलं. त्यांच्या कपाटात त्यांची घोंगडी होती. मेंढक्याला घोंगडीवर जितका भरवसा तितका जगात कशावर नाही. पाऊस तिच्यावरून ओघळून जातो, थंडीत ती ऊब धरते आणि उन्हात गारवा. ओल्या रानात कालच जन्मलेलं कोकरू त्यात गुंडाळलं तर जगतं. कडूबांनी अठ्ठेचाळीस पुड्या त्या घोंगडीत ठेवल्या, तिचं गाठोडं बांधलं आणि ते बर्फात पुरलं. गाठोड्यात पाणी गेलं नाही. लोकरीचे डोळ्यांना न दिसणारे तंतू मात्र प्रत्येक पुडीच्या घडीत जाऊन बसले.

मी तेव्हा काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "अडाणी" हा शब्द मी वापरला. एकेरीत वापरला. कडूबा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "चार महिनं ऱ्हायल्यात नोकरीचं. माज्या नावावर लिवा. ताईचं काम बुडालं तर मला ते पेन्शन पचायचं नाय."

तनुजाने डोळे पुसले. "मॅडम, मामांनी त्या दिवशी हे केलं नसतं तर पुड्या दुपारीच सडल्या असत्या," ती म्हणाली. "मग आज मेंढीही दिसली नसती आणि किडाही."

हे खरं होतं, आणि ते मला माझ्या विद्यार्थिनीने सांगावं लागलं. मी कडूबांची माफी मागितली. नीट मागितली, सगळ्यांसमोर. ते ओशाळले आणि नळ्यांचा ट्रे उचलून निघाले, पण दारातून मागे वळले. "मॅडम, न दिसनाऱ्या तंतूवरून त्याला मेंढी कळली?" त्यांनी विचारलं. "एक डाव बी न बघता?" त्यांच्या आवाजात अपराध होताच, पण त्याच्यावरताण दुसरंच काहीतरी होतं. एवढी कुशाग्र वस्तू आपण रोज फडक्याने पुसतो, याचं ते नवल होतं.

मी आणि तनुजा डोकी एकत्र करून बसलो. एक मार्ग होता. प्रत्येक नमुन्यातला अर्धा भाग अजून शिल्लक होता. मशीनला आधीच एक यादी देता येते, की या या वजनाचे तुकडे आले तर त्यांच्याकडे बघू नको, पुढे जा. मेंढीची गर्दी बाजूला केली की तिच्या मागे दडलेला किडा दिसण्याची आशा होती. पण ती यादी नेमकी हवी. कोणत्याही लोकरीची चालणार नाही, याच घोंगडीची, कडक राहावी म्हणून तिला लावलेल्या खळीसकट आणि वर्षानुवर्षांच्या मळासकट. म्हणजे घोंगडीचा तुकडा कापून मशीनला लावायला हवा.

मी कडूबांना बोलावून सांगितलं. ते लगेच हो म्हणाले, आणि कपाट उघडून घोंगडी घेऊन आले. काळी, जाड, कडेला दोन पांढऱ्या रेघा. ती टेबलावर पसरल्यावर मात्र त्यांचा हात तिच्यावरून निघेना.

"हिचं सूत माज्या आईनं कातलंय," ते म्हणाले. "राजाबाई नाव तिचं. मी झालो त्या साली विनून घेतली. मी दहा महिन्यांचा होतो, ती तापानं गेली. रस्त्यातच. भागूआत्यानं घोंगडी पेटीत घालून ठेवली, आन् मला नोकरी लागली तवा दिली. घरी बायकोला, लक्ष्मीला, ती टोचती, म्हनून हितं कपाटात असती."

"कडूबा, नको असेल तर सांगा," मी म्हटलं.

"फोटो नाय तिचा एक बी. तोंड कसं व्हतं, म्हनून इचारलं का आत्या म्हनायची, तुझ्यावानीच. मी आरशात बघतो, तर मिशा दिसत्यात." ते स्वतःच हसले. "घ्या मॅडम. ताईची पाच वर्सं हायेत. दोन बोटं घोंगडीनं काय व्हतंय?"

मला दोन तुकडे हवे होते, वेगवेगळ्या जागचे. एक मी मधून घेतला. दुसरी जागा त्यांनी दाखवली. वरच्या काठापासून वीतभर खाली, जिथे घोंगडी छातीशी येते तिथे, तळहाताएवढा भाग जुनाट पापडासारखा कडक झाला होता. "हितला घ्या. खळीचा गोळा बसलाय हितं, ही जागा तशी बी वाया गेलेलीच हाय," ते म्हणाले. मी त्या कडक जागेचा निम्मा भाग कापून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या तुकड्याची यादी पडद्यावर आली. मेंढी, मेंढी, मेंढी. लोकरीची प्रथिनं ओळीने. आणि खाली एक वनस्पती, चिंच. चिंचेच्या बीत साठवलेली प्रथिनं. मी कडूबांना हाक मारली आणि पडद्यावर बोट ठेवून सांगितलं. ते खुर्चीच्या पाठीला धरून खाली वाकले. "चिंचोक्याची खळ!" ते जवळजवळ ओरडले. "घोंगडीला चिंचोके कुटून खळ देत्यात, मॅडम! ह्याला कुनी सांगितलं? तुमी सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं. त्याने स्वतः शोधलं."

कडूबांनी मशीनला हात जोडले. मलाही तेच करावंसं वाटत होतं, डॉक्टर असल्यामुळे करता येत नव्हतं इतकंच.

कडक तुकड्याची यादी मी संध्याकाळी एकटीने पाहिली. मेंढी. चिंच. आणि मग एक नाव, जे मला तिथे अपेक्षित नव्हतं. केसीन. केसीन फक्त दुधात असतं. मेंढीचं असेल, मी मनाशी म्हटलं, मेंढक्याच्या घोंगडीवर मेंढीचं दूध सांडणारच. पण मेंढीच्या केसीनची रचना आणि या तुकड्यांची रचना जुळेना. शेळीशी जुळेना. गाय नाही, म्हैस नाही. सहा तुकड्यांपैकी चार असे होते जे एकाच प्राण्यात तसे असतात, माणसात. मी तीनदा पडताळलं. मग उठून पाणी प्यायले आणि पुन्हा खाली बसले. ती कडक जागा खळीची नव्हती. बाईचं दूध पुन्हा पुन्हा एकाच जागी सांडून, वाळून, लोकरीत मुरून ती कडक झाली होती. छातीशी, जिथे लेकरू असतं तिथे.

मी कडूबांना लगेच सांगितलं नाही. आधी तनुजाचं काम होतं, आणि अशी गोष्ट अर्धवट सांगायची नसते. वगळायची यादी आम्ही मशीनला दिली. प्रत्येक नमुन्याचा उरलेला अर्धा भाग लावला. नऊ दिवस मशीन चाललं. पहिल्या नमुन्यात मेंढीची भिंत बाजूला सरली आणि मागून किडा दिसू लागला. रेशमाची प्रथिनं, आणि त्यांच्यामागे उन्हात इतर प्रथिनांना सावरून धरणारी ती बारकी बारकी प्रथिनं, जी तनुजा पाच वर्षं शोधत होती. अठ्ठेचाळीसपैकी त्रेचाळीस नमुने हाती लागले. शेवटचा निकाल आला तेव्हा ती धावत गेली आणि तिने कडूबांना मिठी मारली. त्यांच्या हातात साबणाचा फेस होता, तो तिच्या पाठीला लागला. ऑगस्टच्या सव्वीस तारखेला तिचा प्रबंध जमा झाला.

सत्तावीसला दुपारी मी कडूबांना माझ्या खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. ते माझ्यासमोर कधी बसत नाहीत. मी दोनदा सांगितल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकले.

"त्या कडक जागेत खळीचा गोळा नव्हता," मी म्हटलं. "दूध होतं."

"मेंढीचं?"

"नाही. बाईचं."

त्यांनी हळूच विचारलं, "कोनाचं?"

"मशीन नाव सांगत नाही, कडूबा. कोणाचंही असू शकतं. माणसाचं आहे, आणि अंगावरचं दूध आहे, एवढंच मी खात्रीने सांगू शकते." माझ्या शास्त्राला तेवढंच बोलता येतं. मी तेवढंच बोलले.

"ती विनली तवा मी झालो," ते म्हणाले. "ती गेली तवा घोंगडी पेटीत गेली. लक्ष्मीनं लेकरं तिच्यात कदी घेतली नायत. त्या घोंगडीत माज्याबिगर कुनी पेलंच नाय, मॅडम."

मी मान हलवली.

त्यांनी मांडीवरचे हात उलटे केले, सुलटे केले. "सत्तावन्न वर्सं," ते म्हणाले. "तिला मातीत घातली, तिचं नाव कुठं लिवलेलं नाय. आन् दूध हाय अजून?" मग त्यांचा चेहरा फुटला आणि ते रडले. लहान मूल रडतं तसे, तोंड न झाकता. मी उठून दार लावून घेतलं आणि त्यांच्याशेजारी बसले.

थोड्या वेळाने मी माझं बोलून टाकलं, कारण ते बोलणं भाग होतं. आमच्याकडे एकदा दिसलेल्या गोष्टीला कोणी विचारत नाही. दुसऱ्यांदा लावून तेच दिसलं, तरच ती खरी. कापलेला तुकडा मशीनमध्ये संपला होता. घोंगडीवर त्या कडक जागेचा निम्मा भाग अजून होता. त्यातला नखाएवढा मिळाला तर मी पुन्हा तपासून पक्कं सांगू शकले असते. सत्तावन्न वर्षं जुनं दूध घोंगडीत सापडलं, हे छापायलाही मोठं काम होतं. तेही मी सांगितलं, लपवलं नाही.

"मशीनमधी घातलेलं माघारी येतं का?" कडूबांनी विचारलं.

"नाही. ते उडून जातं."

"मग ऱ्हाऊ द्या."

"पक्कं कळणार नाही मग," मी म्हटलं.

"तुमास्नी नाय कळनार," ते म्हणाले, अगदी समजुतीच्या सुरात, मीच लहान असल्यासारखं. "ताईसाठी लागलं आसतं तर समदी घोंगडी दिली आसती. आता ऱ्हाऊ द्या."

ते गेल्यावर मी नोंदवही उघडली. प्रत्येक नमुन्यापुढे आम्हाला लिहावं लागतं, किती वेळा तपासला, आणि एकदाच तपासला असेल तर का. नियमाप्रमाणे तिथे "नमुना अपुरा" असं लिहितात. मी पेन उचललं. मग कारणाच्या रकान्यात लिहिलं: शिल्लक भाग कडूबा यांच्या आईचा आहे. खाली सही केली आणि तारीख घातली.